बर्डीतलं डिस्कचं दुकान आणि तीन वर्षांच्या मुदतीचा कागद

मी राहते नागपुरात, मानेवाड्याला, आणि शिकवते रामटेक तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत. रोजचं अपडाउन. शाळेत बारा कॉम्प्युटर आहेत. नऊ एका कंपनीने नवे घेतल्यावर आम्हाला दिलेले, आणि तीन त्याहून जुने, ३२ बिटचे. इंटरनेट नाही. मोबाइलची रेंज येते ती अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर, तीही वारा असेल तर, असं मुलं म्हणतात. माझ्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतं आणि डेबियनची, म्हणजे आम्ही कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी वापरतो त्या लिनक्स प्रणालीची, पहिली डीव्हीडीच पावणेचार जीबीच्या आसपास भरते. पेन ड्राइव्हचा अनुभव असा की तो स्टाफरूममध्ये चार हातांतून फिरतो, कोणीतरी त्यात लग्नाचे फोटो भरतो, कोणाच्या तरी मशीनवरून व्हायरस येतो आणि शेवटी कोणीतरी फॉरमॅट मारतो. डिस्कचं तसं होत नाही. एकदा राइट केली की तिच्यावर कोणाला काही चढवता येत नाही. आमच्या बाराही मशीनना डीव्हीडी ड्राइव्ह आहे आणि बाराही मशीन डिस्कवरून सुरू होतात. म्हणून अजूनही डिस्क लागते, आणि म्हणून हे लिहिते आहे.

दुकान नागपुरातल्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीवर आहे, मोदी नं. ३ च्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाव देत नाही, कारण काकांना जाहिरात नको आहे. एकटा माणूस आणि मदतीला एक मुलगा, गर्दी झाली तर निभत नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. पण गल्लीत शिरून ‘लिनक्सवाले काका’ एवढं विचारलं तरी खालचे मोबाइलवाले जिना दाखवतात. वर दहा बाय बाराची खोली, भिंतीला लागून तीन डीव्हीडी रायटर, खिडकीला कूलर आणि टेबलावर एक जाडजूड बांधीव रजिस्टर. त्या रजिस्टरबद्दल पुढे सांगते.

याआधी २०२२ मध्ये मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून ‘शाळेसाठी सगळं एका डिस्कमध्ये’ अशी डीव्हीडी घेतली होती. आत लिनक्स होतं, लिब्रेऑफिस होतं, व्हीएलसी होतं, आणि त्याच फोल्डरात लॉक फोडलेली दोन विकतची सॉफ्टवेअरंही होती. कव्हरवर लाल अक्षरांत छापलेलं, ‘या डिस्कची नक्कल करणे कायद्याने गुन्हा आहे.’ परवान्याचा कागद नाही, सोर्सचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुराचा, पत्ता नाही, कुठली आवृत्ती तेही लिहिलेलं नाही. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. शेजारच्या शाळेतल्या सरांनी तीच डिस्क मागितली, तर मी कव्हर दाखवून नाही म्हटलं. याचं आजही वाईट वाटतं, कारण जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला देण्याचा हक्क माझा होता आणि घेण्याचा त्यांचा. जीपीएलची दुसरी आवृत्ती, जून १९९१ ची, तिच्या सहाव्या कलमात साफ म्हणते की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हक्कांवर आपल्या मनाच्या जास्तीच्या अटी लादायच्या नाहीत. म्हणजे ती लाल ओळच परवान्याच्या विरुद्ध होती आणि मी ती कायदा म्हणून पाळली.

काकांकडे मी पहिल्यांदा गेले जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे आमची खरेदी तेव्हाच निघते. डेबियन १२ नुकतीच, १० जूनला आलेली. काकांनी आधी विचारलं, मशीन कोणती, किती रॅम, वायफाय हवं आहे की नाही. मग संच बनवला. ६४ बिटची डेबियन, जुन्या तीन मशीनसाठी ३२ बिटची, आणि तिसरी त्यांनी स्वतः जुळवलेली ‘शाळा डिस्क’. या तिसऱ्या डिस्कमध्ये चित्रं काढायचं टक्स पेंट, खेळत शिकायचं जीकॉम्प्री, लिब्रेऑफिसचा मराठी भाषा-संच, लोहित देवनागरी फॉन्ट, मराठी टायपिंगचा की-बोर्ड, आणि नेट नसताना ही सगळी पॅकेजेस डिस्कवरूनच बसवायची सोय. चौथी डिस्क त्यांनी न मागता हातात ठेवली. तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘शाळा डिस्क – सोर्स’. चार डिस्कचे २४० रुपये.

सोबत एक कागद. काका म्हणाले, “मॅडम, डिस्क हरवली तर चालते, हा कागद मात्र सांभाळून ठेवा जी.”

त्या कागदावर मराठीत लिहिलेलं होतं की या संचातल्या पहिल्या दोन डिस्कवरच्या मुक्त सॉफ्टवेअरचा, नेमक्या याच आवृत्तीचा, पूर्ण सोर्स कोड आजपासून किमान तीन वर्षं मागणाऱ्याला देऊ. खर्च घेऊ तो फक्त कोऱ्या डिस्कचा आणि टपालाचा. खाली दुकानाचा पूर्ण पत्ता, तारीख, संचाचा क्रमांक आणि सही. मागच्या बाजूला प्रत्येक डिस्कचा एसएचए-२५६ आकडा, चौसष्ट अक्षरांचा, म्हणजे डिस्क मुळाबरहुकूम राइट झाली की नाही ते कोणालाही ताडून पाहता यावं. परवान्याचा मूळ इंग्रजी मजकूर वेगळा छापून जोडलेला. मराठीत का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, समजण्यासाठी भाषांतर कोणीही करावं, पण कायद्याने चालतो तो इंग्रजीच, कारण हा परवाना काढणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन भाषांतरांना अधिकृत मानत नाही. म्हणून मूळ मजकूर द्यायचा आणि स्वतःचं वचन मराठीत लिहायचं.

मला हे सगळं जास्तीचं वाटलं होतं. ज्याला सोर्स हवा तो डेबियनच्या साइटवरून घेईल, असंच कोणालाही वाटेल. घरी येऊन मी परवाना वाचला, शब्दकोश घेऊन, दोन रविवार. जीपीएल २ चं तिसरं कलम डिस्कवर प्रोग्रॅम देणाऱ्याला तीन वाटा देतं. एक, सोर्सही सोबतच द्या. दोन, किमान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्या, की जो मागेल त्याला सोर्स देऊ आणि देण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेणार नाही. तीन, तुम्हाला असं वचन मिळालं असेल तर तेच पुढे द्या, पण ही तिसरी वाट फक्त धंदा न करणाऱ्यांसाठी. ‘मूळ साइटवर आहे, तिथून घ्या’ ही वाट विकणाऱ्याला नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने नेटवरून सोर्स देण्याची मोकळीक बरीच वाढवली, पण डेबियनमधली ढीगभर पॅकेजेस दुसऱ्या आवृत्तीखालीच आहेत, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, धरून. २००६ मध्ये मेपिस नावाच्या लिनक्सवाल्यांनाही ही गोष्ट फाउंडेशनने कळवली होती. ते आपली आवृत्ती दुसऱ्यांच्या पायावर बांधत होते आणि न बदललेल्या पॅकेजेसचा सोर्स मूळवाल्यांकडे आहेच, असं धरून चालले होते.

काकांनी दोन वाटा जोडल्या आहेत. स्वतः जुळवलेल्या डिस्कचा सोर्स सोबतच, कारण तो एका डीव्हीडीत मावतो. डेबियनच्या मूळ डिस्कचा सोर्स म्हणजे डीव्हीडींची चळत होते, ती प्रत्येकाच्या गळ्यात घातली तर शाळेला परवडणार नाही, म्हणून तिथे लेखी वचन. मला ही विभागणी अगदी योग्य वाटते. लिब्रेऑफिसचा परवाना वेगळा आहे, एमपीएल, पण त्यातही सोर्स कुठे मिळेल ते सांगायचं आणि देण्याच्या खर्चाहून जास्त घ्यायचं नाही असंच आहे, त्यामुळे एकाच कागदात तेही बसतं. वायफायच्या चिपसाठी लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र मुक्त नाही. डेबियन १२ पासून ते अधिकृत डिस्कवरच येतं. काकांनी कागदावर वेगळी ओळ टाकून सांगितलं आहे की याचा सोर्स आमच्याकडे नाही आणि कोणाकडून मिळणारही नाही. असं स्पष्ट लिहिणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

आता किमतीबद्दल. आमच्या केंद्रातल्या एका शिक्षकांनी मला ऐकवलं, “फुकटचं सॉफ्टवेअर २४० रुपयांना विकतो आणि तुम्ही त्याची तारीफ करता?” फुकट आणि मुक्त हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, हे आपलं भाग्य आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं हेच समजावण्यात गेली. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने १९८५ च्या सुमारास जीएनयू इमॅक्स या आपल्या एडिटरच्या टेप १५० डॉलरला विकल्या होत्या, त्यावर त्याचं पोट चालत होतं. परवान्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की नक्कल हातात देण्याच्या कामाचे पैसे घ्या, हमी द्यायची असेल तर तिचेही घ्या. किंमत बांधलेली आहे ती फक्त एका ठिकाणी, वचनानुसार मागितलेल्या सोर्सला. तिथे नफा नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या सीडी एकेकाळी घरपोच मोफत यायच्या, मलाही २००८ मध्ये लिफाफ्यातून आली होती, स्टिकरसकट. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. मग कोणीतरी कोरी डिस्क विकत घेणार, वीज जाळणार, राइट झालेली प्रत तपासणार, सोर्स तीन वर्षं सांभाळणार. साठ रुपयांत एक डिस्क मला महाग वाटत नाही.

पहिल्या कागदात एक मोठी चूक होती. तो बिलाच्या मशीनवर छापलेला होता, त्या गुळगुळीत, उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदावर. २०२४ च्या मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, मी शाळेचं लोखंडी कपाट उघडलं तर कागद राखाडी पडला होता. पत्ता दिसत होता, तारीख अर्धी, सही पेनाची म्हणून शाबूत, पण वचनाच्या ओळी पुसट होऊन गेलेल्या. तीन वर्षांचं वचन आणि कागद एक उन्हाळा टिकला नाही. मी तो तसाच घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रजिस्टर उघडलं. माझ्या संचाची नोंद होती, क्रमांक, तारीख, कोणत्या इमेज, म्हणजे डिस्क ज्यांवरून राइट केल्या त्या मूळ फाइल, आणि कोणाला दिला. त्यावरून त्यांनी साध्या कागदावर लेझर प्रिंटरने नवा छापून दिला, जुन्याच तारखेचा, सहीसकट. त्याच दिवसापासून सगळ्यांना लेझरचा कागद देतात. मला कळलं की आधीच्या महिनाभरातल्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांनी कागद बदलून घ्यायला सांगितलं. सगळ्यांना नाही जमलं, सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडे नव्हते. तेवढी उणीव राहिलीच.

कागदाची खरी परीक्षा झाली जानेवारी २०२५ मध्ये. सातवीतली एक मुलगी टक्स पेंटमध्ये चित्र काढत होती. टक्स पेंट मराठीत चालतं, बटणांवर मराठी नावं येतात. तिने मला विचारलं, “मॅडम, हे शब्द कोणी टाकले? आपल्याले बदलवता येते का?” मी म्हटलं, येते. तसं म्हणून तर बसले, पण कसं ते मला माहीत नव्हतं. मशीनवर बसलेल्या पॅकेजमध्ये मराठी शब्दांची फाइल असते ती मशीनने वाचायची, आपण उघडली तर अक्षरांचा चुरा दिसतो. माणसाने वाचायची फाइल सोर्समध्ये असते. आमची चौथी डिस्क, ‘शाळा डिस्क – सोर्स’, तीच नेमकी चालेना. दोष माझा. मी ती दीड वर्ष खिडकीजवळच्या रॅकवर उभी ठेवली होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, ऊन आणि उष्णता दोन्ही त्याला मारतात. ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला.

शनिवारी सकाळची शाळा करून बर्डीवर गेले. तोवर डेबियनची १२.९ आली होती आणि आमच्या मशीनवर होती १२.०. मधल्या काळात कित्येक पॅकेजेस बदलतात, कर्नल, ब्राउझर, लिब्रेऑफिस, आणि नेहमीच्या मिररवरून, म्हणजे डेबियनच्या डाउनलोडच्या साइटवरून, जुन्या आवृत्तीचा सोर्स निघून जातो. परवाना मागतो तो मात्र तुम्हाला मिळालेल्या प्रोग्रॅमचाच सोर्स, जवळपासचा नाही. मी कागद पुढे केला. काकांनी क्रमांक पाहिला, ड्रॉवरमधून कापडी पिशवीत गुंडाळलेली एक हार्ड डिस्क काढली. तिच्यावर पट्टी, ‘१२.० सोर्स, जून २३’. शेजारी तशाच आणखी पिशव्या. रायटरला १६ चा वेग असूनही त्यांनी ८ वर ठेवला, राइट झाल्यावर पुन्हा पूर्ण वाचून आकडा ताडला, सगळं मिळून वीसेक मिनिटं. माझे ३५ रुपये झाले, कोरी डिस्क आणि कव्हर. डिस्क माझ्या चुकीने गेली होती, तरी त्यांनी ६० लावले नाहीत. “सोर्सचा भाव वेगळा आहे जी,” एवढंच म्हणाले.

मी विचारलं, सोर्स मागायला किती जण येतात? त्यांनी रजिस्टर मागे चाळलं. “तुम्ही दुसऱ्या.” पहिला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. दोन माणसांसाठी एवढ्या हार्ड डिस्क? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न चुकीचा होता हे मला लगेच कळलं. “लिहून दिलं आहे न जी.”

शाळेत आम्ही ती फाइल उघडली. एका ओळीत इंग्रजी शब्द, खालच्या ओळीत मराठी, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी, अशी लांबच लांब यादी. सातवीच्या अकरा मुलामुलींनी फळ्यावर आधी ठरवलं. खोडायच्या बटणाला ‘खोडरबर’. नवीन चित्राला ‘नवी पाटी’. केलेलं मागे घ्यायच्या बटणावर जोरदार वाद झाला, शेवटी ‘वापस’ जिंकला, कारण घरी सगळे तेच म्हणतात. ‘जादू’ला कोणी हात लावू दिला नाही. त्या मुलीनेच सगळं टाइप केलं, लोहित फॉन्टमध्ये, एका बोटाने. मग भाषांतराच्या फाइलींसाठीच्या गेटटेक्स्टमधल्या एका आज्ञेने मशीनची फाइल तयार झाली, ती जागेवर ठेवली, टक्स पेंट पुन्हा उघडलं. डाव्या बाजूला ‘वापस’ दिसला आणि वर्गात जो आवाज झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाले, आता दुसऱ्या शाळेला दिलं तर तुम्हीही वाटणारे झालात. बदललेल्या फाइलमध्ये तारीख घालून लिहा की आम्ही बदल केला, आणि बदललेली फाइल सोबत द्या. दुसऱ्या कलमात आहे. म्हणून आमच्या फाइलच्या अगदी वर आता एक ओळ आहे, ‘इयत्ता सातवीने बदल केला’, पुढे तारीख. त्या फाइलसह, पूर्ण सोर्ससकट डिस्क आम्ही तीन शाळांना दिली. उरलेल्या डेबियन डिस्कच्या नकला दिल्या त्यांच्यासोबत काकांच्या कागदाची झेरॉक्स जोडली. आम्ही पैसे घेत नाही, म्हणून तिसरी वाट आम्हाला चालते. तुम्हीही कोणाला नुसती डिस्क देऊ नका, झेरॉक्सला दोन रुपये लागतात.

त्या झेरॉक्सवरूनच दुकानातला दुसरा घोळ बाहेर आला. पारशिवनी तालुक्यातले एक सर झेरॉक्स घेऊन सोर्स मागायला गेले, तेव्हा काका नव्हते, मदतनीस मुलगा होता. तो म्हणाला, बिल दाखवा. बिल माझ्या नावाचं, सरांकडे कुठून येणार? त्यांना हात हलवत परत यावं लागलं, तेही पन्नास किलोमीटर. मला राग आला आणि मी तो फोनवर लपवला नाही. जीपीएल २ म्हणतं कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला, तिथे बिलाचा प्रश्नच येत नाही. काकांनी वाद घातला नाही. सरांना सोर्सची डिस्क टपालाने पाठवली, टपालखर्चही घेतला नाही, आणि कागदात ओळ वाढवली, ‘बिलाची गरज नाही, ज्याच्याकडे डिस्क किंवा तिची नक्कल आहे त्याने, किंवा इतर कोणीही मागावं.’ ती ओळ आता मुलाच्या डोक्यावर भिंतीलाही चिकटवलेली आहे.

बाकी छोट्या तक्रारी. पूर्वी डिस्कवर कागदी गोल स्टिकर लावायचे, नागपूरच्या उन्हात त्याची कड सुटते आणि ड्राइव्हमध्ये डिस्क थरथरते. सांगितल्यावर बंद केलं, आता मार्करने लिहितात. माझ्या पहिल्या संचातली ३२ बिटची डिस्क तपासणीत नापास झाली होती, ती लगेच बदलून दिली. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असतं आणि फोन उचलत नाहीत, त्यामुळे बाहेरगावच्यांनी सकाळीच जावं. मोठा संच हवा असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. जिना अंधारा आहे, वयस्कर माणसांनी खालूनच फोन केला तर मुलगा डिस्क आणून देतो.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. नऊ मशीनसाठी तिचा संच दिवाळीच्या सुट्टीत घेतला. जुन्या तीन मशीनना ती चालत नाही, कारण १३ पासून डेबियनने ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर नव्याने बसवायची सोय बंद केली. १२ ला सुरक्षा दुरुस्त्या २०२८ च्या जूनपर्यंत मिळत राहतील, म्हणजे ती तीन मशीन तोवर तरी आमची आहेत. माझ्या २०२३ च्या कागदाची तीन वर्षं मात्र जून २०२६ मध्ये भरतात. म्हणून मी ३२ बिटची १२ पुन्हा विकत घेतली, साठ रुपयांत, नव्या तारखेच्या नव्या कागदासह. काकांनी त्या पट्टीवरच्या ‘जून २३’खाली पेन्सिलीने नवी तारीख लिहिली आणि हार्ड डिस्क पुन्हा पिशवीत गुंडाळली.

तिन्ही कागद आता शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, कॉम्प्युटरच्या नोंदींच्या पानाला स्टेपल केलेले आहेत. रजिस्टर आतल्या खोलीत ठेवलं आहे, जिथे ऊन येत नाही.